परसातील नवलाचा मका

मका कोणाला माहीत नाही? पावसाची पहिली सर पडून गेली की रस्त्याच्या कडेला शेगड्या पेटतात, आणि लिंबू, मीठ, तिखट चोळलेले भाजके कणीस हातात घेऊन आपण आडोशाला उभे राहतो. पण मक्याचा रंग कोणता, असे शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. सगळी मुले एका सुरात सांगतील, "पिवळा!" त्यांचे चुकत नाही. शेतात होणारा संकरित मका पिवळा आणि बाजारात मिळणारा गोड मकाही पिवळाच. तिसरा मका त्यांनी पाहिलेला नसतो.

वास्तविक मक्याइतके रंग आणि मक्याइतक्या चवी फार थोड्या धान्यांत सापडतील. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील लोकांनी टिओसिंटे नावाच्या एका रानगवतापासून मका घडवला. त्या गवताच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, आणि तेही दगडासारख्या कवचात. त्यातून पिढ्यान् पिढ्या निवड करीत त्या लोकांनी पांढरा, लाल, निळा, जांभळा, पिठूळ, गोड, लाह्यांचा असा नाना परींचा मका उभा केला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो अमेरिकेबाहेर पडला आणि पुढे आपल्याकडे आला. इथेही डोंगरांतून, बांधांवरून तो रुजला. नंदुरबारकडे सातपुड्यात भिल्ल आणि पावरा शेतकरी पिढ्यान् पिढ्या मका खात आणि राखत आले आहेत.

असा एखादा नवलाचा मका आपल्या परसात लावता येईल का? येईल. त्याला फार जागा लागत नाही. मात्र मक्याचा एक स्वभाव आहे. तो ओळखला नाही तर चवही जाते आणि बीही जाते. मी स्वतः हा धडा चुकून शिकलो, म्हणून आधी माझी चूक सांगतो.

आमच्या गावात एक आजी आहेत. त्यांच्याकडे पांढरा मका आहे. दाणा मोत्यासारखा, टणक, भाकरीला चांगला. बी त्यांच्या सासूबाईंकडून आलेले. एका पावसाळ्यात त्यांनी मला ओंजळभर दाणे दिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, खावा, पोरांना दावा, पण बी मातूर परत आणून द्या. माझ्याजवळ आता लई न्हाई."

मी उत्साहाने कुंपणालगत एका ओळीत आठ दाणे टोकले. बाकीचे मुलांना वाटून टाकले. मका वाढला चांगला, तुरे आले, कणसे लागली. काढणीच्या दिवशी पाने सोलली आणि मी गप्पच झालो. कणसे बोळकी! मध्येच चार दाणे, मध्येच मोकळी जागा. आणि जे दाणे भरले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक पिवळे. पांढरा मका पेरला आणि पिवळा उगवला! मला वाटले, कसला तरी रोग पडला. आजींचे शेवटचे बी मी नासवले, या विचाराने दोन दिवस त्यांच्या घराकडे फिरकलो नाही.

शेवटी गेलो. आजींनी कणीस हातात घेतले, फिरवून पाहिले आणि हसल्या. "ह्याला किडाबिडा काय न्हाई लागला. पाव्हणे आल्यात. आणि आठ ताटांत कुठं मका पिकतो व्हय? मक्याला घोळका लागतो." एवढे बोलून त्यांनी सूप पुढे ओढले, दाणे मोडले आणि पिवळे एका बाजूला, पांढरे दुसऱ्या बाजूला करायला बसल्या. "पिवळं दळाय. पांढरं ठेवाय."

आजींनी शास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. पण त्या चार वाक्यांत मक्याचे निम्मे शास्त्र आले आहे. ते आता आपण सावकाश पाहू.

मक्याच्या ताटाला नर फुले आणि मादी फुले वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्यावरचा तुरा हा नर. कणीस ही मादी. कणसाच्या टोकातून रेशमासारखे केस लोंबतात ना, तो नुसता झुपका नाही. त्यातला एकेक केस कणसावरच्या एकेका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातून लाखो परागकण झडतात. वारा त्यांना नेतो. एक कण एका केसावर पडला की एक दाणा भरतो. केस कोरडा राहिला की त्या दाण्याची जागा मोकळी. म्हणून कणीस बोळके दिसते. माझी आठ ताटे एका ओळीत होती. वारा आडवा वाहिला आणि त्यांचा पराग बहुतेक अंगणात सांडला.

आणि पिवळे दाणे? माझ्या कुंपणापासून पन्नास पावलांवर शेजाऱ्यांचा पिवळा संकरित मका होता. माझ्या ताटांच्या केसांवर त्याचा पराग येऊन बसला. आपल्याला वाटते, परक्या परागाचा परिणाम पुढच्या पिढीत दिसेल. आंब्याच्या कलमाला कोणत्याही झाडाचा पराग लागो, फळाचा गर कलमाच्या जातीचाच राहतो. मक्यात तसे नाही, कारण आपण मक्यात जे खातो ते फळाचा गर नसून बीच आहे. दाण्यातल्या पिठाचा दोन तृतीयांश वारसा आईचा आणि एक तृतीयांश बापाचा. म्हणून बाप पिवळा असेल तर त्याच हंगामात, त्याच कणसावर पांढऱ्या आईचा दाणा फिकट पिवळा होतो. एका कणसावर पाचशे दाणे असतील तर ती पाचशे भावंडे आहेत, आणि प्रत्येकाचा बाप निराळा असू शकतो. आजी त्यांना पाहुणे म्हणतात ते याचसाठी.

आता पुढची गंमत बघा. पांढरेपणा हा लपणारा गुण आहे. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच दाणा पांढरा होतो. एकाने पिवळा दिला की पिवळाच वर येतो. म्हणजे मिश्र कणसावरचा जो दाणा पांढरा राहिला, त्याचा बापही पांढराच होता! आजी पांढरे दाणे निवडतात ते डोळ्यांना बरे दिसतात म्हणून नव्हे. त्यांच्या अनुभवाने त्यांना नेमकी खूण सापडलेली आहे.

मात्र ही खूण प्रत्येक रंगाला लागू नाही. शिक्षकमित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मक्याच्या दाण्याला वरून एक साल असते. त्या सालीखाली एक अगदी पातळ थर. त्याच्या आत पीठ, आणि एका बाजूला अंकुर. साल ही सर्वस्वी आईची. म्हणून काही मके सालीमुळे लाल असतात, त्यांचे सगळे कणीस एकसारखे लाल निघते, मग बाप कोणीही असो. असा लाल मका पाहून "माझे बी शुद्ध राहिले" असे म्हणू नका. साल पाहुण्याला झाकून ठेवते. उलट निळा-जांभळा रंग बहुधा सालीखालच्या पातळ थरात असतो, पिवळा-पांढरा रंग पिठात असतो. या दोन्ही ठिकाणी बापाचा हात लागतो, म्हणून तिथे मिश्रण लगेच दिसते.

कधी कधी एकाच दाण्यावर जांभळे ठिपके नि रेघोट्या दिसतात. असल्या ठिपक्यांचा माग काढीत अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिन्टॉक या विदुषीने दाखवून दिले की वारसा सांगणारे काही घटक पेशीमध्ये एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. १९५१ मध्ये त्यांनी हे मांडले तेव्हा फारसे कोणाला पटले नाही. १९८३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मक्याच्या ठिपक्यांकडे नीट पाहण्याचे हे फळ! अमेरिकेतच ओक्लाहोमातील कार्ल बार्न्स या शेतकऱ्याने जुनी रंगीत कणसे निवडून निवडून काचेच्या मण्यांसारख्या दाण्यांचा 'ग्लास जेम' नावाचा मका तयार केला. २०१२ मध्ये त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. तो दिसायला अपूर्व. खायला मात्र लाह्या नि पीठ याच कामाचा.

तेव्हा मका निवडताना आधी ठरवा, तो खायचा कसा. गोड मका हिरवा उकडून खायचा. लाह्यांचा मका टणक. त्याच्या दाण्यात सुमारे १४ टक्के ओल राहिली तर तो नीट फुटतो. फार वाळवला तर फुटत नाही, ओला राहिला तर चिवट होतो. पिठूळ मका दळायला सोपा. ॲरिझोनातील होपी लोक निळ्या मक्याच्या पिठात थोडी राख कालवून तापल्या दगडावर कागदासारखी पातळ भाकरी करतात. पेरू देशात जांभळा मका उकळून त्याचे सरबत करतात. आणि एक चिकट मका आहे. चीन, कोरिया, व्हिएतनामकडे तो आवडीने उकडून खातात, आपल्या ईशान्य भारतातही तो आहे. दाताला तो चिकट तांदळासारखा लागतो.

बी ओळखीच्या शेतकऱ्याकडून, बीजबँकेतून किंवा विश्वासाच्या दुकानातून घ्यावे. परदेशातून टपालाने पाकीट मागवण्याचा मोह टाळावा; त्याला सरकारी परवाना लागतो, कारण बियाबरोबर रोगही येऊ शकतात.

आता लावणी. एक लांब ओळ नको, चौकोन करा. दोन दोन फुटांवर चार ओळी, आणि ओळीत वीतभर अंतरावर पंधरा ताटे. म्हणजे आठ फूट रुंद आणि अकरा-बारा फूट लांब वाफ्यात ६० ताटे बसतात. वारा कोणत्याही बाजूने आला तरी पराग कोणाच्या ना कोणाच्या केसावर पडतो. जमीन निचऱ्याची हवी. मुळाशी पाणी साचले की मका पिवळा पडतो. मका खादाड आहे. लावणीपूर्वी कुजलेले शेणखत भरपूर घाला, ताटे गुडघाभर झाली की पुन्हा थोडे खत देऊन मातीची भर लावा. तुरा आणि केस येण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण मुळीच पडू देऊ नका. त्या पंधरवड्यातला ताण पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही.

२०१८ पासून आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळीचा उपद्रव आहे. ती पोंग्यात शिरते आणि पानांना भोके पाडते. परसात औषधाचा पंप लगेच काढायला नको. रोज सकाळी पोंगे पाहा. पानावर लोकरीसारख्या आवरणाचा अंडीपुंज दिसला तर चुरडून टाका, अळी दिसली तर वेचा. ६० ताटे पाहायला दोन मुलांना पाव तास लागतो.

शेजारच्या शेतातल्या मक्याचे काय करायचे? बियाण्याच्या प्लॉटभोवती २०० मीटर किंवा त्याहून अधिक अंतर सोडतात. परसाला ते कुठून मिळणार! म्हणून अंतर वेळेचे ठेवायचे. शेजाऱ्यांनी मका कधी पेरला ते विचारा आणि आपला महिनाभराने पेरा. त्यांचे तुरे झडून गेल्यावर तुमचे केस बाहेर येतील. एवढेही जमत नसेल तर हाताने परागीकरण करा. केस बाहेर पडण्याआधीच कोवळ्या कणसावर कागदी पिशवी बांधा. केस आले की आदल्या संध्याकाळी तुऱ्यावर पिशवी बांधा, सकाळी दव वाळल्यावर तुरा त्या पिशवीत झाडा आणि जमलेली पिवळी धूळ दुसऱ्या ताटाच्या केसांवर टाकून कणीस पुन्हा झाका. शाळेच्या बागेत यासारखा दुसरा प्रयोग नाही.

गोड मक्याला तर हे अंतर फारच जरुरीचे आहे. गोडपणा हाही लपणारा गुण आहे. साध्या मक्याचा पराग लागला की तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो. मग दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. आणखी एक नवल सांगतो. जुना गोड मका आणि १९५० नंतर अमेरिकेत पुढे आलेला अतिगोड मका शेजारी शेजारी लावा. दोघांच्या मिलनातून होणारे दाणे पिठूळ निघतात! कारण दोघांत साखरेचे पीठ होण्याची वाट वेगवेगळ्या पायरीवर अडलेली असते. एकाची मोडलेली पायरी दुसरा दुरुस्त करतो आणि साखर पुन्हा पिठाच्या वाटेला लागते.

आता चव. केस आल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी, ते वाळून तपकिरी झाले की कणसाची पाने थोडी बाजूला करून दाण्यात नख रोवा. पाणी आले तर थांबा. दुधासारखा रस आला तर तोडा. कणकेसारखे लागले तर ते कणीस आता दळण्यासाठी वाळू द्या. जुन्या जातीचा गोड मका तोडल्यावर एका दिवसात बराच गोडवा गमावतो. म्हणून आधी पाणी चुलीवर ठेवावे आणि मग परसात जावे. अतिगोड जाती अधिक टिकतात. रंगीत मका दुधात असताना फिकटच असतो. रंग गडद होईपर्यंत थांबलात तर दाणा खाण्याला टणक होतो.

मुलांना डोळे मिटायला सांगून तीन प्रकारचे उकडलेले दाणे चाखायला द्या आणि काय वाटले ते पाटीवर लिहायला सांगा. डोळे उघडे असले की जीभ रंगाचे ऐकते. मग वाळलेले दाणे फोडून पिठावर आयोडीनचा थेंब टाका. साधे पीठ निळे-काळे होईल, चिकट मक्याचे तांबूस. जांभळा मका उकळलेल्या पाण्यात लिंबू पिळा. ते लाल होईल. दुसऱ्या भांड्यात चिमूटभर सोडा टाका; ते निळे-हिरवे दिसेल. कणसावरच्या दाण्यांच्या ओळी मोजायला सांगा. बारा, चौदा, सोळा, असा आकडा समच येतो, कारण दाण्यांची फुले जोडीजोडीने लागतात. अमेरिकेत 'कंट्री जंटलमन' नावाचा एक जुना पांढरा गोड मका आहे, त्याच्या कणसावर मात्र ओळीच नसतात.

खाण्याविषयी एक सूचना. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. युरोपात मका गेला, पण ही रीत गेली नाही. तेव्हा केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा त्वचेचा आणि बुद्धीचा रोग जडला. मक्यातले एक जीवनसत्त्व चुन्यामुळेच अंगी लागते, हे शास्त्राला पुष्कळ उशिरा कळले. आपण मक्याच्या भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे खातो, ती चाल सोडू नये.

शेवटी बियाविषयी. संकरित मक्याचे दाणे ठेवून पुन्हा पेरले तर ताटे एकसारखी येत नाहीत, आईबापांचे गुण विस्कटतात. जुन्या, सरळ जातीचे बी मात्र घरी राखता येते. त्याला अट एकच, घोळका. चार-आठ ताटांतून बी धरत गेलात तर दोन-तीन पिढ्यांत मका खुरटतो. निदान शंभर ताटे हवीत, आणि एका मोठ्या कणसाचे सगळे बी न घेता अनेक चांगल्या कणसांतून थोडे थोडे घ्यावे. कणसे सावलीत टांगून वाळवावीत, दाणे काढून कोरडी राख मिसळून मडक्यात तोंड बंद करून ठेवावेत, म्हणजे सोंडे लागत नाहीत. पेरणीपूर्वी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांत किती मोड आले ते मोजा.

एका परसात शंभर ताटे होत नाहीत, हे खरे. आम्ही काय केले ते सांगतो. सुपातले पांढरे दाणे आणि आजींच्या मडक्यातले उरलेले बी एकत्र केले. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांची पेरणी झाल्यावर महिनाभर थांबलो आणि तीन ठिकाणी एकाच दिवशी पेरले. एक वाफा माझ्या परसात, एक आजींच्या दारात, एक शाळेच्या आवारात. तिन्ही मिळून दीडशेवर ताटे झाली. कणसे सोलली तेव्हा आजी शाळेत येऊन बसल्या होत्या. पिवळा दाणा कणसागणिक एखाददुसरा. तो मुलांनीच टिपून काढला. बोळके कणीस जवळजवळ नव्हतेच.

मी आजींना दोन ओंजळी बी परत केले. त्यांनी एक ओंजळ मडक्यात टाकली आणि दुसरी तशीच माझ्याकडे सरकवली. "ही ठेवा शाळंत. माझं मडकं फुटलं तर कुठं मागाय जाऊ?"

तुमच्याही गावात असे मडके कोणाच्या तरी घरी असेल. येत्या मृगाच्या आधी विचारून पाहा. आणि बी मिळाले तर आठ दाणे टोकून गप्प बसू नका. दोन शेजारी आणि एक शाळा सोबत घ्या.